तेवीस नंबरची बाटली

"२३. बाटली. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली. पाच वाजता गळ्यापर्यंत भरलेली."

माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल माझ्या वहीतली ही नोंद जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. लिहिली तेव्हा तिचा अर्थ मला लागला नव्हता. दिसलं ते लिहिलं, वही पिशवीत टाकली आणि घरी गेलो. अर्थ लागायला पुढचे बारा दिवस गेले आणि तोही मी लावला नाही. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत, डब्यातली कडक भाकरी मोडता मोडता, दोन वाक्यांत लावून दिला.

प्रकरण म्हणाल तर एवढंच. पण त्या नोंदीपर्यंत पोचायला मला जूनपासून सात महिने लागले. ते सात महिने कुठे गेले हे लिहून ठेवणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

वर्ग

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, खासगी अनुदानित, मराठी माध्यमाची. माझ्याकडे सातवीचा वर्ग, शिवाय मराठी आणि इतिहास. पटावर ५४. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिकला एका शिक्षकामागे ३५ मुलं म्हणतो. तो कायद्याच्या पुस्तकात बरोबर आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. खिडकी उघडली की खटखट आत येते आणि बंद केली की उकडतं, म्हणून खिडकी उघडी आणि माझा आवाज कायम एक पट्टी वर.

निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. विणकामासाठी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी तेलंगणातून इथं येऊन स्थायिक झालेली पद्मशाली कुटुंबं. वडील मागावर, आई विड्या वळते, आजी तेलुगूत ओरडते आणि पोरगं शाळेत मराठीत निबंध लिहितं. काही घरं कन्नड, काही उर्दू. घरात फक्त मराठी बोलणारी मुलं वर्गात मोजून नऊ. मी स्वतः बार्शीकडचा. अकरा वर्षं या शाळेत आहे आणि माझं तेलुगू 'रा' म्हणजे ये आणि 'वद्दु' म्हणजे नको, या दोन शब्दांवर थांबलेलं होतं. हे लाजिरवाणं आहे हे मला यंदा कळलं.

बाटलीवाल्या त्या मुलीचं नाव इथं लिहीत नाही. हजेरीतला तिचा खरा क्रमांकही तेवीस नाही.

वही

वही सुरू करायचं कारण एका वडिलांचा प्रश्न. मागच्या मे महिन्यात एक मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला वडिलांबरोबर आला होता. शिपाई मामा कार्यालयात दाखल्यावर शिक्का मारत होते तेवढ्यात वडिलांनी सहज विचारलं, "सर, ह्याचा वर्गात दोस्त कोण होता ओ? जाताना त्याला भेटून जाऊ म्हणतो." मी मुलाकडे पाहिलं. मुलगा खिडकीकडे बघत होता. मला एकही नाव सांगता आलं नाही. वर्षभर त्याचा वर्गशिक्षक होतो मी.

जूनमध्ये शंभर पानी एकरेघी वही घेतली. शेवटच्या तासाला मुलं दप्तर भरतात, बाक सरकवतात, ती पाच-सात मिनिटं मी लिहायचो. नावं नाहीत, फक्त हजेरी क्रमांक. वही कुणाला दाखवायची नाही, स्टाफरूममध्ये ठेवायची नाही, मोबाइलवर फोटो काढायचा नाही. मुख्याध्यापकांनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला एक नमुना आला असता, रकाने आले असते आणि महिनाअखेर सही आली असती.

रकान्यांची वही आमच्याकडे आहेच. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात: विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. मूल म्हणजे गुण नव्हेत, शिक्षकानं त्याच्याकडे बघावं आणि दिसलं ते लिहावं. प्रत्यक्षात सत्र संपायला आठ दिवस उरले की व्हॉट्सॲपवर 'सर्व इयत्ता सर्व विषय वर्णनात्मक नोंदी' नावाची पीडीएफ फिरते आणि आपण त्यातली वाक्यं एकाआड एक वाटत जातो. पहिल्या सत्रात ५४ मुलांच्या नोंदी मी एका रविवारी टीव्हीवर क्रिकेट लावून पूर्ण केल्या. भारत जिंकला एवढं आठवतं.

तेवीस नंबरच्या वाट्याला आलेलं वाक्य होतं: "वर्गमित्रांशी मिळून मिसळून वागते."

रविवारची मोजणी

दिवाळीच्या सुट्टीत खासगी वही वाचायला घेतली. वाचता वाचता कंटाळा आला, कारण प्रत्येक नोंदीत मीच होतो. "आज कवितेला चाल लागली." "शिवकाल घाईत झाला." "४० ला ओरडलो, नको होतं." म्हटलं, निदान कोण कितीदा आलंय ते तरी बघू. पोराच्या पाटीवर १ ते ५४ आकडे मांडले आणि उभ्या रेघा मारत गेलो.

७ नंबर एकतीस वेळा. ती मॉनिटर आहे, हात कायम वर. ४० नंबर सव्वीस वेळा. तो शेवटच्या बाकावरचा, त्याचाही हात कायम वर, पण शेजाऱ्याच्या डोक्यावर. सर्वांत जास्त आलेल्या दहा जणांनी निम्म्याहून जास्त रेघा खाल्ल्या. एकदाच आलेले पुष्कळ. आणि तीन आकड्यांसमोर एकही रेघ नाही: ११, २३, ३८.

साडेचार महिने रोज लिहिलेल्या वहीत ही तीन मुलं एकदाही आली नव्हती.

इथं मी एक घोटाळा केला. शून्य रेघा म्हणजे एकटं मूल असं समीकरण मांडलं. सुट्टीनंतर बघितलं तर ११ हा मैदानावरचा कबड्डीचा राजा निघाला. मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती दहा पोरं असतात. फक्त माझ्या तासाला तो तोंड उघडत नाही, कारण माझा तास त्याला कंटाळवाणा वाटतो. (हेही वहीत लिहिलं. बरं वाटलं नाही.) ३८ शाळेतच कमी असायचा, वडिलांबरोबर टेम्पोवर जायचा. त्याचा विषय वेगळा, तो मुख्याध्यापकांपर्यंत नेला. वहीतल्या शून्यानं एवढंच सांगितलं होतं की माझी नजर कुठे पोचत नाही. त्या मुलाचं कसं चाललंय हे वेगळं जाऊन बघावं लागतं.

उरली २३. तिसऱ्या रांगेत चौथा बाक. अक्षर वळणदार, शुद्धलेखन वर्गात सर्वांत चांगलं, मराठीच्या पेपरात पहिल्या तिनांत. अशा मुलीची नोंद कुणी का घ्यावी? तिनं तक्रारीला जागाच ठेवली नव्हती. मधल्या सुट्टीत ती कट्ट्यावर बसलेली असायची, पुस्तक उघडं. मला वाटायचं, वाचनाची आवड. दुसऱ्या सत्रासाठी पीडीएफमधलं वाक्यही मनात ठरून गेलं होतं.

पहिला उपाय

डिसेंबरात मी शहाणपणा केला. सगळ्या वर्गासमोर २३ ला उठवलं, ७ च्या शेजारी बसवलं आणि ७ ला म्हणालो, "हिला तुमच्यात घ्या बरं का."

७ नंबर आज्ञाधारक मुलगी. तिनं २३ ला घेतलं. मधल्या सुट्टीत हात धरून ग्रुपमध्ये नेऊन बसवायची, तास झाला की "तुझं लिहून झालं का?" विचारायची आणि मी जवळून गेलो की जरा मोठ्यानं विचारायची. माझ्या वहीत तीन आठवडे खुशीच्या नोंदी आहेत. "२३ आता रुळली." "२३ ग्रुपमध्ये." आज त्या वाचवत नाहीत.

नाताळच्या आधी एक दिवस शाळा सुटल्यावर २३ टेबलापाशी आली. "सर, मी माझ्या जाग्यावर बसू का?"

"का गं? काही बोललं का कुणी?"

"नाही सर." मग बराच वेळ थांबून, "ती दमते सर."

ती दमते. हे वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, त्याखाली मी काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आपल्या जुन्या बाकावर होती आणि ७ नंबरचे खांदे मोकळे झालेले मला लांबून दिसले.

पाळण्याचा प्रश्न

डी.एड.ला समाजमिती नावाचा एक घटक होता, परीक्षेत हमखास पाच मार्कांना यायचा. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञानं अमेरिकेत मुलींच्या एका निवासी संस्थेत कुणाला कुणाबरोबर राहायला आवडेल हे विचारून त्याचे नकाशे काढले आणि १९३४ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. ज्याच्याकडे पुष्कळ बाण येतात तो 'तारा', ज्याच्याकडे एकही येत नाही तो 'एकाकी'. आम्ही हे पाठ केलं होतं. वापरलं कुणीच नव्हतं.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वज निघतात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, लागतो, शाळेचा पट आपोआप अर्धा होतो. यात्रेच्या आदल्या आठवड्यात मी मुलांना चिठ्ठ्या दिल्या. "गड्ड्यावर मोठ्या पाळण्यात एका डब्यात चौघं बसतात. तुझ्याबरोबर कोण तिघं हवेत? नावं लिही, घडी घाल, डब्यात टाक." कोण नको, हे विचारलं नाही. तो प्रश्न कधीच विचारू नये. मुलं चिठ्ठीपुरतं लिहून थांबत नाहीत, संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं.

घरी बसून बाण काढले. ७ कडे चौदा बाण. ११ कडे बारा, म्हणजे माझ्या वहीतलं शून्य आणि पाळण्यातले बारा एकाच मुलाचे. पाच मुलांकडे एकही बाण नाही, त्यात २३. आणि २३ च्या चिठ्ठीवर एकच नाव होतं. ते आमच्या वर्गातलं नव्हतं, शाळेतलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हजेरीपट चाळून खात्री केली. गावाकडची मैत्रीण.

१९८२ मध्ये कोई, डॉज आणि कोपोटेली या मानसशास्त्रज्ञांनी अशा मुलांत एक फरक दाखवला, तो इथं उपयोगी पडला. काही मुलं नाकारलेली असतात, त्यांचं नाव काढलं की वर्ग नाक मुरडतो. काही दुर्लक्षित असतात: त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही आणि आठवणही नाही. पाचांतली दोन मुलं नाकारलेली होती, हे मला आधीपासून माहीत होतं. भांडणं माझ्यापर्यंत यायची. २३ ला मी दुर्लक्षितांत टाकलं. त्यालाही महिन्याच्या आत तडा गेला.

वहीचा नियम बदलला

पहिल्या सत्राची वही मला आवडेल ते लिहीत होती, म्हणून यात्रेनंतर तिला दावं बांधलं. रोज पाच क्रमांक, ओळीनं. सोमवारी १ ते ५, मंगळवारी ६ ते १०. त्या दिवशी त्या पाचांकडे बघायचंच. विशेषण लिहायचं नाही. 'एकटी', 'शांत', 'उदास', 'लाजाळू' हे शब्द बंद. हात काय करतायत, वस्तू कुठे आहे, कोण कुणाला काय म्हणालं, एवढंच.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर होणारा विचार असे दोन भाग केले होते. ५४ मुलांच्या वर्गात पहिल्याचा सगळा वेळ आवाज कमी करण्यात जातो. दुसऱ्यासाठी वही. पण संध्याकाळी विचार करायला काहीतरी हाताशी लागतं आणि विशेषणांतून ते मिळत नाही. 'शांत' हा शब्द वाचून मला पुढे काही सुचलं नव्हतं. 'बाटली' वाचून सुचलं नाही तरी निदान खटकलं.

२१ ते २५ ची पाळी साधारण अकरा शाळेच्या दिवसांनी यायची. पहिल्या पाळीत बाटलीची नोंद झाली, ती वर दिली. हिरवी प्लास्टिकची बाटली, झाकणाला दोरी, बाकाच्या कडेला. मग मी पाळी नसतानाही तिच्याकडे बघू लागलो. रोज तेच. मैदानावरून सगळी पोरं घामाघूम होऊन येतात, नळावर तोंड लावतात, आणि ही बाटली भरलेली नेते.

त्याच आठवड्यात मैदानावर लगोरी चालली होती. २३ कट्ट्यावरून उठून जवळ जाऊन उभी राहिली. मी व्हरांड्यात. गडी वाटणारी मुलगी तिच्याकडे न बघता म्हणाली, "वद्दु." मला येणाऱ्या दोन शब्दांतला एक. म्हणजे ही दुर्लक्षित नव्हे, हिला नाकारलंय? शाळा सुटल्यावर त्या मुलीला रागवायच्या बेतानं थांबवलं. ती गोंधळली. "नाही सर, ती चांगली आहे. पण तिला कळत नाही ओ. आम्ही 'वेनका, वेनका' ओरडतो, ती तशीच उभी. मग बॉल लागतो, टीम हरते."

वेनका म्हणजे मागे. मागून चेंडू येतोय हे सगळ्या मैदानाला कळतं, एका मुलीला कळत नाही. माझ्या तासाला जी भाषेत सर्वांत पुढे, ती सुट्टीची घंटा झाली की परक्या गावात असायची. आणि मराठी शाळेत मराठी मुलीला भाषेची अडचण असेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

कडी

बाटलीचं मी शेजारच्या बाईंना विचारलं, ते फेब्रुवारीत. म्हटलं, ही मुलगी पाणीच पीत नाही, घरून काही सांगितलंय का बघता का? बाईंनी भाकरी मोडली, त्यावर शेंगाचटणी ठेवली आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"सर, मुलींच्या बाजूच्या दोन्ही दारांना कडी नाही. एकीनं दार धरायचं, एकीनं जायचं. जिला धरायला कुणी नाही ती कशाला पाणी पिईल?"

कडी कधीपासून नाही? त्यांच्या अंदाजानं गेल्या दिवाळीच्या आधीपासून. रजिस्टरला तक्रार आहे का? आहे, दोनदा. मुलींनी त्यावर आपला तोडगा काढला होता, जोडीनं जायचा, म्हणून पुन्हा कुणी बोललं नाही. जोडी नसलेली एक मुलगी अकरा ते पाच तशीच बसत होती. सोलापूरचा फेब्रुवारी म्हणजे दुपारी डोक्यावर फडकं लागतं.

त्या शनिवारी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन टॉवर बोल्ट आणि मूठभर स्क्रू आणले. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. शिपाई मामांनी अर्ध्या तासात बसवले, एक जरा तिरका बसला, पण लागतो. वर्गात काही जाहीर केलं नाही. बाईंनी मुलींना आपसूक सांगितलं.

सोमवारी पाच वाजता बाटली अर्धी होती. गुरुवारी रिकामी, आणि झाकण उघडं.

कडी लागल्यानं २३ ला मैत्रीण मिळाली नाही. तहान भागली, इतकंच झालं आणि तेवढं पुष्कळ होतं. इतर मुली कडी असूनही जोडीनंच जात राहिल्या. बाई म्हणाल्या, "त्या काय दार धरायला जात होत्या होय? गप्पा मारायला जातात."

घरी

एका रविवारी बाईंना बरोबर घेऊन २३ च्या घरी गेलो. एकट्यानं गेलो नाही, जाऊही नये. भाड्याची एक खोली, मधे पडदा. आईनं दार उघडलं आणि पहिला प्रश्न कुजबुजत केला, "काय केलं का हिनं, सर?"

"काही नाही ताई, सहज आलो."

त्यांनी सतरंजी टाकली, तोंडावर बोट ठेवलं आणि पडद्याकडे खूण केली. "झोपल्यात." वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी सातला येतात, दुपारपर्यंत झोपतात. भिंतीशी टॉवेलचा ढीग, शिवणयंत्र कापडानं झाकलेलं; ते उठल्यावरच चालू करायचं. चहा झाला तोही कुजबुजत. लहान भावाच्या हातातून वाटी पडली तर आईच्या आधी २३ नं झडप घालून ती धरली.

"गावाकडं लई बोलायची ओ ही," आई म्हणाली. "हितं आल्यापासनं गप झाली. म्हटलं बरं झालं, शहाणी झाली."

परत येताना बाई आणि मी चौकापर्यंत काही बोललो नाही. मग बाई म्हणाल्या, "सर, मी हिच्या नोंदीत मागच्या वर्षी 'अबोल स्वभाव' लिहिलंय." बाई सहावीला तिच्या वर्गशिक्षिका होत्या.

विद्यार्थी मी

२३ ला तेलुगू शिकवा असं मी कुणाला सांगितलं नाही. डिसेंबरचा धडा ताजा होता. मी स्वतःच शिकायला बसलो. मराठीच्या तासाला शेवटची पाच मिनिटं फळा मुलांचा: मैदानावरचे तीन शब्द, सरांना शिकवायचे. ओकटि, रेंडु, मूडु. इक्कड, अक्कड. वेनका. माझे उच्चार ऐकून वर्ग बाक बडवायचा. ४० नंबर तर माझा गुरूच झाला, छडी मागत होता. कन्नडवाली मुलं म्हणाली आमचेही शब्द घ्या, मग उर्दूवाली. २३ आपल्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. वहीत मात्र लिहिलं.

लगोरीत तिला घेतलं का? कधी घेतलं, कधी नाही. एकदा 'वेनका' ऐकून ती वळली आणि चेंडू हुकवला. एकदा वळली तरी लागला.

उशिरा येणाऱ्यांची रांग

आता या प्रकरणातला सर्वांत अडचणीचा भाग, निदान माझ्यासाठी. मार्चमध्ये पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. या वेळी एसटीचा बाक, सहलीचा. २३ च्या नावाचा एक बाण आला. ७ नं नाही, लगोरीतल्या मुलीनं नाही, मला तेलुगू शिकवणाऱ्यांतल्या कुणीच नाही. तो ३१ कडून आला. आणि २३ च्या चिठ्ठीवर दोन नावं होती: गावाकडचं एक, आणि ३१.

३१ ची आई विड्या वळते, घरात तेलुगू. दोघींचे बाक दोन टोकांना. मला काही लागेना. शेवटी वही मागे मागे चाळत गेलो आणि ते सगळं तिथं लिहिलेलं सापडलं.

"उशिरा: २३, ३१." आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा, "उशिरा: २३, ३१." फेब्रुवारी-मार्चमध्ये सात वेळा.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं आणि येतं त्या दिवशी घरातल्या मोठ्या मुलीची शाळा पाण्याच्या मागून सुरू होते. पिंप, हंडे, बादल्या, मग आंघोळ. या दोघींच्या वस्तीत पाणी एकाच दिवशी यायचं. परिपाठ सुरू झाल्यावर आलेल्या मुलांना आम्ही फाटकाच्या आत भिंतीशी उभं करतो, प्रतिज्ञा-प्रार्थना-बातम्या होईपर्यंत. वीस मिनिटं. तिथं बोलायला बंदी आहे, म्हणजे कुजबुजतच बोलावं लागतं, आणि कुजबुजण्यात २३ चा हात कोण धरणार?

मी वर्षभर ज्याच्यामागे होतो ते शिक्षेच्या रांगेत आपोआप झालं. पाण्यामुळं उशिरा येणाऱ्यांना उभं करू नये असं मी मीटिंगमध्ये बोलणार होतो. ही नोंद वाचल्यावर एक आठवडा गप्प बसलो. मग बोललो. रांग बंद झाली नाही, पण आता तिथं सावलीत बाक ठेवलाय.

वहीचं पुढे काय

ज्यांना अशी वही सुरू करायची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. मारहाण किंवा लैंगिक त्रासाचा संशय येईल असं काही मुलानं सांगितलं किंवा दिसलं, तर ते खासगी वहीचं प्रकरण नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. 'आधी वहीत लिहून विचार करतो' ही तिथं पळवाट होते.

एप्रिलमध्ये वही फाडली. पानं बादलीत भिजवून लगदा केला, बायकोनं तो तुळशीत घातला. मुलांचे क्रमांक दुसऱ्याच्या हाती लागले तर ते क्रमांक राहत नाहीत. पाटीवरच्या रेघा आणि या लेखापुरतं टिपलेलं तेवढं ठेवलं. लेख पाठवला की तेही जाईल.

रकान्यांची नोंदवही मात्र जमा करावी लागते. दुसऱ्या सत्राच्या नोंदी मी या वेळी पीडीएफ न उघडता लिहिल्या. सगळ्या ५४ जमल्या नाहीत, तीसेक जमल्या, बाकीच्या पुन्हा 'नियमित गृहपाठ करतो' वर सोडवल्या. २३ च्या रकान्यात दीड ओळीची जागा होती. लिहिलं: "बाटली रिकामी करून घरी जाते. तेलुगूत दहापर्यंत मोजते. ३१ बरोबर कुजबुजते."

तपासणीत साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, "नोंद विषयाला धरून नाही. सुधारून घ्यावी." मी खाली सही केली. नोंद तशीच आहे.